गेरू लागलेली बोटं

रोह्याजवळच्या वरसे गावात मी खानावळ चालवते. कंपन्यांत कामाला असलेली, घरापासून लांब राहणारी माणसं माझ्याकडे जेवतात. रात्रीचं उरलेलं सकाळी कुणाच्या ताटात पडत नाही, आणि हात न धुता पाटावर बसणाऱ्याला मी उठवून नळावर पाठवते. त्यावरून माझी टिंगल होते. होऊ दे.

होळीच्या आधी जेवायला येणाऱ्यांपैकी एका ऑपरेटरला ताप भरला आणि छातीवर पाण्याचे फोड उठले. त्याच्या खोलीची मालकीण माझ्याकडे आली.

"बाया आल्यात गो त्याला. त्याच्या भाजीला फोडणी नको देऊस."

"फोडणीचं राहू दे. डॉक्टरकडे गेला का?"

"बायांना डॉक्टर लागतो व्हय? मी दाराला कडुलिंब बांधलाय."

कडुलिंब तिथेच राहू दिला आणि ऑपरेटरला रिक्षात घालून रोह्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. कांजिण्याच होत्या. मोठ्या माणसाला त्या लहान मुलापेक्षा जास्त छळतात, म्हणून डॉक्टरांनी विषाणूवरच्या गोळ्या दिल्या. शेवटच्या फोडाची खपली धरेपर्यंत खोलीबाहेर पडायचं नाही, असं बजावलं. मग त्यांनी विचारलं, "जवळपास कुणाला नागीण झाली होती का?"

मला प्रश्न विचित्र वाटला. कांजिण्यांचा नागिणीशी काय संबंध? डॉक्टरांनी हात धुता धुता सांगितलं की दोन्ही एकाच विषाणूचे प्रताप. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू अंगातून जात नाही. मज्जातंतूच्या मुळाशी पडून राहतो. माणूस म्हातारा झाला, खंगला, की कधीतरी उठतो आणि त्या तंतूच्या वाटेने फोडांचा पट्टा काढतो. त्या फोडांतलं पाणी कांजिण्या न झालेल्या माणसाला लागलं, तर त्याला नागीण होत नाही, कांजिण्या होतात.

मी ऐकलं आणि डबे भरायला परतले. पुढे त्याच्या खोलीतल्या दुसऱ्यालाही फोड आले. मग मी पहिला फोन केला तो माझ्या लेकीला.

लेक हमरापूरला दिलेली आहे. घरचा गणपतीचा कारखाना आहे. तिला पाचवा महिना लागला होता, आणि होळीनंतर ती माझ्याकडे चोरओटी भरायला यायची होती. मी म्हटलं, "इकडे फिरकायचं नाही."

"अगं आई, मम्मींनी साडीसुद्धा काढून ठेवलीय." सासूला ती मम्मी म्हणते.

"साडी कुजत नाही. तुला कांजिण्या झालेल्या नाहीत. इथे दोघं पडलेत. दिवसांत झाल्या तर तुझ्या फुप्फुसांना धोका, पोटातल्याला धोका. ओटी मी तिकडे येऊन भरेन, हे सगळं संपल्यावर."

तिने कुरकुर केली आणि ऐकलं. मी निश्चिंत झाले. रोग वरशात, लेक हमरापुरात, मधे नागोठणं, वडखळ आणि पेण. याहून जास्त अंतर मला कुठून आणता आलं असतं?

मग एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. कारखान्यात बसली होती. मागे साच्यातून काढलेले पांढरे गणपती वाळत ठेवलेले. बोलता बोलता तिने केस मागे सारले, आणि तिची बोटं मला दिसली. पेरांपर्यंत लालभडक.

"रंगकाम आत्तापासून सुरू केलंत?"

"छे गं. गेरू आहे. मम्मींना नागीण झालीय ना, त्याचा लेप."

मी गॅस बंद केला. "लेप कोण लावतं?"

"मीच. दोन वेळा. गावातले ते नागीण उतरवणारे बाबा आले होते, त्यांनी मुद्दाम सांगितलं, पोटुशीच्या हाताने लावा. पोटुशीची सावली पडली की साप आंधळा होतो, जागचा हलत नाही. तशी नागीणपण पुढे सरकत नाही म्हणे."

"फोड फुटलेत का?"

"काही काही फुटलेत. त्यांना फार दुखतं गं. बिचाऱ्या रडतात लेप लावताना."

"आत्ताच्या आत्ता उठ. साबणाने हात धू, कोपरापर्यंत. नखं काप. आणि त्यांच्या खोलीत पाय ठेवू नकोस. मी येतेय."

"आई, नागीण लागट नसते. उष्णतेची असते ती."

"मी येतेय," म्हटलं आणि फोन ठेवला.

नवरा पहिल्या शिफ्टहून नुकताच आला होता. त्याच्या हातात झारा दिला, पोळ्या लाटणाऱ्या बाईला रात्रीचं सांगितलं आणि एस. टी. पकडली. सगळी वाट एकच हिशेब डोक्यात. त्या घरात कांजिण्या आल्या असत्या, तर सुनेला कुणी जवळ जाऊ दिलं नसतं. बाया आल्यात म्हटलं की पोटुशीला लांब ठेवायचं हे सगळ्यांना ठाऊक. नागिणीला मात्र मुद्दाम तिला बोलावून घेतलं, चांगलं म्हणून. आणि माझी शहाणी लेक, जिला मी रोह्याच्या रोग्यांपासून जपत होते, ती तोच विषाणू रोज बोटांनी चोळत होती.

हमरापूरला पोचले तेव्हा जावई दारातच उभा होता. हातांना मूर्तींचं प्लास्टर लागलेलं, तोंड उतरलेलं.

"आई, तुम्ही उगाच घाबरताय. आमच्या आजीला झाली होती तेव्हा माझ्या आईनेच लावलं होतं. मी पोटात होतो तिच्या."

"तिला लहानपणी कांजिण्या झाल्या असतील. म्हणून तुम्ही इथे उभे आहात."

आतून विहीणबाईंचा आवाज आला.

"आल्या का रोह्याच्या डॉक्टरीणबाय?"

त्या खाटेवर एका कुशीवर पडल्या होत्या. उजव्या छातीखालून पाठीकडे गेरूचा जाड पट्टा. मी विचारलं, बरं वाटतंय का. त्या म्हणाल्या, "निखारे ठेवल्यागत हाय. पण तुम्ही माझ्यासाठी नाय आलाव, मला कळतंय. सुनेला माझ्यापासून तोडायला आलाव."

"तिला पेणला डॉक्टरांकडे न्यायला आलेय. तुम्हालाही नेणार आहे."

"मी नाय येत. अंगावरच्या उष्णतेचा नि पोटातल्या पोराचा काय संबंध? माझंच नातवंड हाय ना ते? मी त्याचं वाईट करीन?"

"तुम्ही करणार नाही. फोडातलं पाणी करेल."

लेक दाराच्या चौकटीबाहेर उभी होती. हात धुऊनही नखांच्या कडा लालच दिसत होत्या. ती म्हणाली, "आई, हळू बोल ना." मी आवाज खाली आणला, पण म्हणणं तेच ठेवलं.

लेकीचं नाव पेणमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घातलेलं होतं. त्या संध्याकाळीच आम्ही गेलो. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. गेरू, पोटुशी, साप, सगळं. हसल्या नाहीत. फक्त विचारलं, "तुला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?"

लेकीच्या आधी मीच बोलले. "नाही. हिच्या भावाला झाल्या तेव्हा पहिला फोड दिसल्याबरोबर मी हिला माझ्या बहिणीकडे पाठवलं. खाडीकाठच्या गावात. तो बरा होईपर्यंत आणली नाही."

तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांत माझं कौतुक झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी कौतुक केलं नाही. "लस?"

"नाही. सरकारी डोसांत नव्हती."

"मग अवघड आहे," त्या म्हणाल्या. पाचव्या महिन्यापर्यंत आईला कांजिण्या झाल्या, तर क्वचित बाळाच्या डोळ्यांना, हातापायांना, मेंदूला इजा होते. क्वचितच, पण होते. आईला न्यूमोनिया होऊ शकतो, आणि दिवसांत तो वाईट. आज अंगावर काही नाही याला अर्थ नाही. विषाणू शिरल्यापासून फोड दिसेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात.

"मग करायचं काय?" लेकीने विचारलं. आवाज सरळ होता, पण पर्सचा बंद तिने मुठीत घट्ट धरला होता.

"रक्त तपासू. जुनी प्रतिकारशक्ती आहे का बघू. असली तर घरी जा, जेव, झोप. नसली तर एक इंजेक्शन असतं, तयार प्रतिकारशक्तीचं. ते लवकर द्यावं लागतं आणि इथे मिळत नाही. मी नवी मुंबईत विचारून ठेवते. नाहीच मिळालं तर गोळ्यांचा विचार करू. आणि कांजिण्या झालेल्या नाहीत हे नक्की ना? पुटकुळ्या कधीकधी चारच येतात, लक्षातही येत नाहीत."

मी दवाखान्याच्या बाहेर येऊन बहिणीला फोन लावला. "माझ्या पोराला कांजिण्या झाल्या तेव्हा पोरगी तुझ्याकडे होती. तिच्या अंगावर काही उठलं होतं का? आठवून सांग."

"नाय गो ताय," बहीण म्हणाली. "काय नाय. एकदम ठणठणीत होती. मिठागरावर नाचायची दिवसभर."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! माझ्याकडं काय झालं असतं पोरीला?"

तेवढाही आधार गेला. रक्त दिलं. नमुना पनवेलला जाणार होता, रिपोर्टला वेळ लागणार होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सासूबाईंना पण कुणाला तरी दाखवा, नवीन फोड येत असतील तर गोळ्यांचा अजून उपयोग होईल. आणि फोड झाकून ठेवा, मग घरातल्यांना धोका कमी.

लेकीला मी त्याच रात्री पेणमध्ये तिच्या नणंदेकडे ठेवलं आणि स्वतः हमरापूरला परतले. जावयाला ते चमत्कारिक वाटलं. लेक इथे नाही, तर ही बाई आमच्याकडे कशाला राहतेय? पण त्या घरात विहीणबाईंच्या अंगाला हात लावू शकेल अशी मीच होते. माझ्या कपाळावर कांजिण्यांचा व्रण आहे, लहानपणी खाजवून केलेला. मला त्या विषाणूकडून आता काही नवीन मिळायचं नव्हतं.

सकाळी विहीणबाईंना डॉक्टरांकडे न्यायला मला लाडीगोडी जमली नाही. मी त्यांची साडी, चप्पल आणि आधारकार्ड खाटेवर आणून ठेवलं आणि रिक्षा दारात उभी केली. रिक्षावाला हॉर्न मारत राहिला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी डोकावायला सुरुवात केल्यावर त्या उठल्या.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, दुखण्यावरचं वेगळं औषध दिलं, आणि गेरू पाण्याने हलकेच काढायला सांगितलं, खाली पू धरतो म्हणून. घरी आल्यावर मी उकळून गार केलेलं पाणी घेतलं आणि बसले. गेरूचे पोपडे सुटताना त्या कळवळत होत्या. खाली द्राक्षांच्या घोसासारखे फोड, काही फुटलेले, काही टपोरे.

"तुमच्या हाताला काय गुण हाय?" त्या दात आवळून म्हणाल्या. "तुमची सावली काय नागिणीला आंधळी करणार?"

"माझ्या सावलीला नवरासुद्धा बिचकतो. नागीण काय चीज आहे?"

त्यांना हसू आलं आणि हसल्यामुळे दुखलं, म्हणून त्यांनी मला शिवी दिली. मी कोरडी पट्टी ठेवली, वर सुती पंचा बांधला. त्यांचे कपडे, चादर, टॉवेल वेगळे काढून गरम पाण्यात टाकले. हात धुतले. तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "पाठीत कुठवर आलीय? खरं सांगा."

"कण्यापर्यंत."

"नि पुढनं?"

"छातीच्या मधोमध."

"म्हणजे तोंड नि शेपूट जुळायला अर्धंच अंग ऱ्हायलंय. जुळलं की माणूस जातो. माझ्या मावशीचं जुळलं होतं असं सांगतात. मला काय जायचं भ्या नाय. पण पोर बघून जायचंय. म्हणून सुनेला हात लावायला सांगितला. मला काय ठावं, त्या हातावरनंच..."

आदल्या दिवशी एस. टी.त मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही बोलले होते. त्यातलं निम्मं मागे घेतलं. निम्मं ठेवलं.

"जुळत नाही ती," मी म्हटलं. "कण्यातून उजवीकडे एक तंतू जातो, डावीकडे दुसरा. तुमची उजव्या तंतूत उठलीय. मधली रेघ ओलांडायला तिला वाटच नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकलं नाहीत?"

"त्यांनी इंग्रजीत सांगितलं."

"मी मराठीत सांगतेय. झोपा."

त्या झोपल्या नाहीत, पण हाताने पाठ चाचपायच्या थांबल्या.

रिपोर्टची वाट बघताना मी त्या घरात जमेल ते काम केलं. भांडी घासली, जावयाला जेवायला वाढलं, कारखान्यातल्या पाण्याच्या पिंपाजवळ साबण ठेवला. जावई कच्च्या मूर्तींच्या सोंडा पटाशीने तासत बसायचा. फोन वाजला की पटाशी थबकायची. नवी मुंबईहून निरोप आला की इंजेक्शन एका ठिकाणी आहे, पण लागणार असेल तर लगेच कळवा, राखून ठेवणार नाहीत. रिपोर्टशिवाय कसं कळवणार? जावई म्हणाला, "घेऊन टाकू का आई? नाय लागलं तर नाय लागलं." डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत थांबा, अजून हातात वेळ आहे. थांबा म्हणणं सोपं असतं. नणंदेकडून लेकीचा फोन आला. "आई, हातावर एक लाल ठिपका आलाय." मी म्हटलं, फोटो पाठव. मच्छर चावला होता. पण तो फोटो येईपर्यंत जावयाने आणि मी एकमेकांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. "प्रतिकारशक्ती आहे. चांगली आहे, आणि जुनी आहे. तिला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात. इंजेक्शन नको, काही नको."

"पण तिला झालेल्याच नाहीत," मी म्हटलं.

"रक्त म्हणतं झाल्यात. फोड दिसायच्या आधी एक-दोन दिवस माणूस रोग पसरवत असतो. तुम्ही तिला पाठवलंत तेव्हा भावाकडून तिला मिळून गेल्या असणार."

जावयाने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि सगळा चेहरा पांढरा करून घेतला. मी बहिणीला फोन लावला.

"रिपोर्ट आलाय. पोरीला तुझ्याकडे कांजिण्या झाल्या होत्या."

मग बहीण म्हणाली, "पाच-सहा पुटकुळ्या होत्या गो. पोटावर. सासू म्हणाली घामोळं असेल, मिठागरावरचं ऊन लागलं. मला शंका आली होती, पण तुला कशी सांगणार? तू धावत आली असतीस नि माझ्या सासूसमोर माझी खरडपट्टी काढली असतीस. तू पोर माझ्याकडं जपायला दिली होतीस ना."

"आणि परवा विचारलं तेव्हा?"

"तेव्हा पण तूच विचारत होतीस ना ताय!"

मला तिला खूप बोलायचं होतं. बोललेही. पण दोन दिवस त्या कारखान्यात तिच्या 'नाय'मुळे काढले होते, आणि ज्या पुटकुळ्या मी येऊ दिल्या नाहीत म्हणून मिरवत होते, त्यांनीच लेकीला वाचवलं होतं. रागाला धड जागा सापडेना. फोन ठेवून आत गेले आणि विहीणबाईंना सांगितलं.

त्यांनी देवाला हात जोडले. थोड्या वेळाने डोळे उघडले.

"म्हणजे सुनेला आता माझ्यापासून काय व्हायचं नाय?"

"नाही."

"मग ती लेप लावू शकते."

वैद्यकाच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. "ती पट्टी बदलू शकते," मी म्हटलं. "गेरू आणलात तर पिंपात टाकीन."

फोड वाळले, खपल्या पडल्या. नागीण कण्याशी आणि छातीच्या मधल्या रेघेशी थांबली. दुखणं मात्र राहिलं. गुढीपाडवा झाला तरी त्यांना त्या बाजूला पोलकं सहन होत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तंतू दुखावला की असं महिनोन्‌महिने चालतं. नागीण कशामुळे थांबली, याबद्दल घरात दोन मतं आहेत, आणि सून आल्यापासून पहिल्यांदाच घरातलं एखादं भांडण विहीणबाईंनी अर्धवट सोडून दिलंय.

वरशातले दोघे बरे होऊन कामावर गेल्यावर मी ओटी घेऊन हमरापूरला गेले. आतल्या खोलीत तांदूळ, नारळ, खण ताटात मांडत होते, तेव्हा कारखान्याच्या दारात शेजारची बाई आली.

"आमच्या दिराला नागीण झालीय गो. तुमच्या सुनेला जरा पाठवतेस का लेप लावायला? तुझी थांबली ना तिच्या हातानं."

विहीणबाई मूर्तींवरची धूळ झटकत होत्या. "नाय पाठवत."

"अगो, गावच्या कामाला नाय म्हणतेस?"

"पहिलं त्याला डॉक्टरकडं ने. गोळ्या लवकर घेतल्या तर गुण येतो. नि फोड झाकून ठेव म्हणावं, घरात ल्हान पोरं हायत तुमच्या."

"गोळ्या घेईल तो. पण लेप तर लावायला पायजे ना?"

"लेपबिप काय नाय," विहीणबाई म्हणाल्या, आणि आवाज थोडा खाली आणला, माझ्यापर्यंत पोचेल इतकाच. "तिची आयस आलीय रोह्यासनं. आत बसलीय. त्यापरीस नागीण परवडली."

मी ऐकलं. लेकीला हात धुऊन यायला सांगितलं, तिची ओटी भरली, आणि संध्याकाळच्या गाडीने डबे भरायला परत आले.